दोन अक्षरांचे निशाण

मोबाइलच्या कळफलकावर आज अडीचशेहून अधिक झेंडे आहेत. ज्यांनी ते तिथे आणले त्यांच्या मनात सरळ उपयोग होता: देशाचे नाव लिहिण्याऐवजी त्याचे निशाण दाखवावे. तरुण मुलांनी मात्र त्यांची वेगळीच भाषा केली. अमेरिकेच्या थोरवीचे गोडवे गाणाऱ्या वाक्याखाली कोणी जाणूनबुजून लायबेरियाचा झेंडा लावतो. आयर्लंडमधल्या स्थलांतरितविरोधी फुशारकीला उत्तर म्हणून आयव्हरी कोस्टचा झेंडा येतो. स्वतःची ओळख सांगायच्या ओळीत कोणी एकमेकांशी काडीचा संबंध नसलेल्या पाच-सहा देशांची निशाणे मांडून ठेवतो. कुठे झेंड्याच्या जागी कलिंगडाची फोड असते. वडीलधाऱ्यांना यात एक तर अडाणीपणा दिसतो, नाही तर निशाणाची विटंबना. ही दोन्ही निदाने मला चुकीची वाटतात. झेंडा कळफलकावर ज्या वाटेने आला, त्या वाटेतच या तिरकसपणाचे बीज होते. आणि ज्यांना आपला झेंडा सरळ उचलता येत नाही त्यांच्या हातात हाच तिरकसपणा गंभीर कामाचे साधन ठरला आहे. हे समजून घ्यायला जरा मागे जावे लागते, आणि सुरुवात फोनपासून नव्हे, जहाजापासून करावी लागते.

झेंडे एकापुढे एक लावून मजकूर सांगण्याची रीत समुद्रावरची आहे. ब्रिटिश आरमारातले अधिकारी होम पॉपम यांनी 1800 च्या सुमारास झेंड्यांचा एक संकेतकोश तयार केला. 21 ऑक्टोबर 1805 रोजी ट्राफल्गरच्या लढाईआधी ब्रिटिश सेनानी नेल्सनने आपल्या ताफ्याला जो प्रसिद्ध संदेश दिला, तो याच कोशाच्या आधाराने. तिथे झेंडा म्हणजे कुठल्या राज्याचे प्रतीक नव्हते. तो आकडा होता, आणि आकडे जुळवले की कोशातला शब्द मिळायचा. पुढे 1857 मध्ये ब्रिटनच्या व्यापारमंडळाने व्यापारी जहाजांसाठी अठरा झेंड्यांचा संच काढला. त्यातून सत्तर हजारांहून अधिक संकेत तयार होऊ शकत होते. या संचातली अक्षरे सगळी व्यंजने होती, स्वर एकही नव्हता. स्वर घेतले तर चार अक्षरांच्या जुळणीत कुठल्या ना कुठल्या भाषेतला अश्लील शब्द उमटल्याशिवाय राहणार नाही, ही समितीची भीती होती. संच बनवणाऱ्यांना पहिल्याच दिवशी कळले होते की झेंड्यांना अक्षरे केले की लोक त्यांच्याशी खेळणार. त्याच डोलकाठीवर देशाचे मानाचे निशाणही फडकत असे. मानाचा झेंडा आणि मजकुराचा झेंडा ही दोन रूपे तेव्हापासून शेजारी शेजारी आहेत.

कळफलकावर आलेला झेंडा या दुसऱ्या घराण्यातला आहे. इमोजींचा जन्म जपानमधल्या मोबाइल कंपन्यांच्या संचांमध्ये, 1990 च्या दशकाच्या अखेरीस झाला. पुढे त्या संचांत दहा देशांचे झेंडे आले: जपान, अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स, जर्मनी, इटली, स्पेन, रशिया, चीन आणि दक्षिण कोरिया. भारत त्यात नव्हता. आफ्रिका आणि दक्षिण अमेरिका तर सबंध गायब होत्या. एका देशातल्या ग्राहकांसाठी केलेल्या संचात हे खपून गेले. पण जगातल्या सर्व लिप्यांना एका यादीत आणणाऱ्या युनिकोड संस्थेपुढे इमोजी आले तेव्हा अडचण उभी राहिली. दहाच देश का, असे विचारले गेले. आणि सगळे देश घ्यायचे म्हटले तर देश कोणता आणि देश कोणता नाही हे ठरवण्याची जबाबदारी लिपी आणि संगणकाच्या जाणकारांवर येणार होती. त्यांनी काढलेला तोडगा चतुर होता. ऑक्टोबर 2010 मध्ये आलेल्या आवृत्तीत त्यांनी देशांचे झेंडे घेतलेच नाहीत. रोमन लिपीतल्या सव्वीस अक्षरांची सव्वीस विशेष चिन्हे घेतली. त्यातली दोन जोडली आणि ती जोडी आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या देशसंकेतांच्या यादीत असली, तर फोनने तिथे झेंडा दाखवावा. ही यादी 1974 मध्ये प्रथम प्रसिद्ध झाली. 'आय' आणि 'एन' एकत्र आले की तिरंगा दिसतो, तो असा. संदेशात चित्र कुठेच साठवलेले नसते. साठवलेली असतात दोन अक्षरे, आणि त्यांचे काय करायचे ते समोरचे यंत्र ठरवते.

या एका निर्णयाचे परिणाम दूरवर गेले. पहिला परिणाम असा की राजकारण समितीच्या दारातून निघाले आणि कंपन्यांच्या घरात शिरले. मायक्रोसॉफ्टच्या विंडोजवर आजही देशांचे झेंडे दिसत नाहीत. तिथे नुसती दोन अक्षरे उमटतात. चीनमध्ये विकलेल्या आयफोनवर तैवानचा झेंडा दिसू नये अशी व्यवस्था ॲपलने केली. 2018 मध्ये त्या व्यवस्थेतल्या दोषामुळे काही आयफोनवरची ॲप तैवानचा झेंडा आल्याबरोबर बंद पडत होती. पुढच्याच वर्षी हाँगकाँगमध्ये आंदोलन पेटले असताना तिथल्या आणि मकावच्या फोनवरील कळफलकातूनही तो झेंडा नाहीसा झाला. दुसरा परिणाम यादीच्या स्वभावातून आला. देशसंकेतांची यादी टपाल, बँका, सीमाशुल्क अशा व्यवहारांच्या सोयीची आहे. त्यामुळे माणसांची वस्ती नसलेल्या बूवे बेटालाही तिथे स्वतःचा संकेत आहे. ते नॉर्वेच्या ताब्यात असल्याने त्याच्या नावाने नॉर्वेचाच झेंडा दिसतो, आणि स्वालबार्डच्या नावानेही तोच. एकच झेंडा तीन नावांनी कळफलकावर बसला आहे. कोट्यवधी लोकांच्या जनसमूहांना मात्र त्या यादीत जागा नाही. तिबेट नाही, कुर्द नाहीत, कॅटलोनिया नाही.

तरुणांचा तिरकसपणा याच फटींतून उगवला. सर्वांत ओळखीचा प्रकार सारख्या दिसणाऱ्या झेंड्यांचा. फोनवर झेंडा बोटाच्या नखापेक्षा लहान दिसतो, आणि घाईत दाबणारा माणूस चुकतो. अमेरिकेचा म्हणून लायबेरियाचा किंवा मलेशियाचा झेंडा लागतो, भारताचा म्हणून नायजरचा, आयर्लंडचा म्हणून आयव्हरी कोस्टचा. रुमानिया आणि चाड यांचे झेंडे तर इतके सारखे आहेत की 2004 मध्ये चाडने संयुक्त राष्ट्रांकडे हा प्रश्न नेला होता. आधी या चुका खऱ्या होत्या. देशभक्तीच्या आवेशात आपलाच झेंडा न ओळखणाऱ्यांची त्या फजिती करत. मग तरुणांनी ती चूक मुद्दाम करायला सुरुवात केली, आणि चुकीचा झेंडा म्हणजे 'तुझे देशप्रेम नुसते वरवरचे आहे' हे सांगण्याची खूण झाली. यात देशाची टिंगल नाही. फुशारकी मारणाऱ्याला आपल्या निशाणाकडे नीट पाहायलाही वेळ नव्हता, यावर ते बोट आहे.

लायबेरियाचा दाखला इथे जरा थांबून पाहण्यासारखा आहे, कारण तो थट्टेपेक्षा खोल जातो. त्या झेंड्यावर अकरा पट्टे आणि एक तारा आहे, आणि तो अमेरिकेच्या झेंड्यासारखा योगायोगाने झालेला नाही. गुलामीतून सुटलेल्या आणि स्वतंत्र जन्मलेल्या कृष्णवर्णीय अमेरिकनांना आफ्रिकेच्या किनाऱ्यावर वसवण्याचे काम अमेरिकन कॉलोनायझेशन सोसायटीने 1820 च्या दशकात सुरू केले. त्या वसाहतीने 1847 मध्ये स्वातंत्र्य जाहीर केले, तेव्हा आपल्या जुन्या देशाचे निशाण थोडे बदलून घेतले. ज्यांना अमेरिकेत बरोबरीचे नागरिक म्हणून राहू दिले गेले नाही, त्यांचा हा झेंडा. पुढे 1948 मध्ये लायबेरियाने परदेशी जहाजांची नोंदणी खुली केली. आज जगातल्या सर्वांत मोठ्या जहाजनोंदण्यांपैकी ती एक आहे, आणि तिचा कारभार चालतो अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातून. लायबेरियाचे तोंडही न पाहिलेली हजारो जहाजे तो झेंडा मिरवत मुंबईसह जगभरच्या बंदरांत येतात-जातात, आणि जहाजमालक ते कर आणि कायद्याच्या सोयीसाठी करतात. झेंडा आणि देश यांची फारकत तरुणांनी केली असे म्हणणाऱ्यांनी हे आधी पाहायला हवे. ती फारकत पैशासाठी, पूर्ण कायदेशीरपणे, केव्हाच झालेली आहे. अमेरिकेच्या बढाईखाली लायबेरियाचा झेंडा लावणाऱ्या मुलाला हा सगळा इतिहास ठाऊक असेलच असे नाही. पण त्याने लावलेला झेंडा त्या बढाईत वगळलेल्या माणसांचाच असतो.

ज्यांचा झेंडा यादीतच नाही त्यांनी काय करायचे, याचे उत्तर 2018 मध्ये एका समुद्री प्राण्याने दिले. त्या वर्षीच्या नव्या इमोजींत लॉबस्टर होता, पण ट्रान्सजेंडर समाजाने मागितलेला निळा-गुलाबी-पांढरा झेंडा नव्हता. ब्रिटनमधल्या ट्रान्स कार्यकर्त्यांनी मग लॉबस्टरच आपले चिन्ह म्हणून उचलले आणि झेंडा मिळेपर्यंत हेच वापरू असे जाहीर केले. इंद्रधनुषी झेंडा 2016 मध्ये आणि चाच्यांचा कवटीचा झेंडा 2018 मध्येच मिळाला होता, त्यामुळे जागा नाही किंवा तंत्र नाही या सबबीला अर्थ उरला नव्हता. 2020 च्या संचात तो झेंडा आला. तांत्रिकदृष्ट्या तोही जोडणीच आहे: पांढरा झेंडा आणि त्यापुढे ट्रान्सजेंडर चिन्ह. लॉबस्टरची ती मोहीम हसवणारी होती, पण मागणी पूर्ण गंभीर होती आणि ती मान्य झाली. उपरोधाने काही साधत नाही असे म्हणणाऱ्यांसाठी हा लेखी पुरावा आहे.

कलिंगडाची गोष्ट याहून जुनी आणि जास्त जड आहे. 1967 च्या युद्धानंतर इस्रायलने वेस्ट बँक आणि गाझामध्ये पॅलेस्टिनी झेंड्यावर बंदी आणली. रामल्लामध्ये 1980 च्या सुमारास एक चित्रप्रदर्शन लष्कराने बंद पाडले. चित्रकार स्लिमान मन्सूर यांनी सांगितलेली हकीकत अशी की लाल, हिरवा, काळा, पांढरा हे रंग एकत्र आणायचे नाहीत असे अधिकाऱ्याने बजावले. या रंगांचे फूल काढले तर काय, असे विचारल्यावर कलिंगड काढले तरी जप्त होईल, असे उत्तर मिळाले. चित्रकार खालेद हुरानी यांनी पुढे 2007 मध्ये कलिंगडाची फोड रंगवली आणि ते चित्र प्रसिद्ध झाले. ओस्लो करारानंतर बंदी सैल झाली होती, पण जानेवारी 2023 मध्ये इस्रायलच्या सुरक्षामंत्र्यांनी सार्वजनिक जागांवरून पॅलेस्टिनी झेंडे हटवण्याचे आदेश पोलिसांना दिले. त्यावर त्याच वर्षी झाझिम या इस्रायलमधल्या संघटनेने तेल अवीवच्या शेअर टॅक्सींवर कलिंगडाची चित्रे लावली आणि खाली लिहिले की हा पॅलेस्टिनी झेंडा नव्हे. ऑक्टोबर 2023 नंतर ही फोड जगभरच्या तरुणांच्या फोनवर पसरली. देशसंकेतांच्या यादीत पॅलेस्टाइन आहे, त्याचा झेंडाही कळफलकावर आहे. तरीही झेंडा लावला तर मजकूर दडपला जाईल या भीतीने अनेकांनी फळ निवडले. ज्या समाजाने वर्षानुवर्षे आपला झेंडा लपवून धरला, त्याच्यासाठी ही फोड म्हणजे पोरखेळ नाही.

आता आक्षेपांकडे येऊ. पहिला आक्षेप मानाचा. झेंड्यासाठी माणसांनी प्राण दिले, त्याची अशी सरमिसळ करणे अपमानास्पद आहे, असे अनेकांना मनापासून वाटते. ही भावना मी हलकी मानत नाही. पण आपला कायदा काय सांगतो ते पाहावे. राष्ट्रीय सन्मानाच्या अवमानाला प्रतिबंध करणारा 1971 चा कायदा झेंडा जाळणे, फाडणे, विद्रूप करणे, पायदळी तुडवणे यांना गुन्हा ठरवतो. आणि कायदेशीर मार्गाने बदल व्हावा म्हणून केलेल्या टीकेला त्याच कायद्यातले स्पष्टीकरण संरक्षण देते. नवीन जिंदल यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्ये निकाल दिला की आदराने तिरंगा फडकवणे हा नागरिकाचा अभिव्यक्तीचा हक्क आहे. म्हणजे झेंडा फक्त सरकारी इमारतींचा राहिला नाही, तो नागरिकाच्या बोलण्याचा भाग झाला. बोलण्याचा भाग झालेल्या गोष्टीला संदर्भ, सूर आणि रोख हे सगळे चिकटणारच. कापडाच्या तिरंग्याचा मान राखायलाच हवा, यावर दुमत नाही. पण ज्या चिन्हात कापडही नाही आणि चित्रही नाही, फक्त दोन अक्षरांची जोडी आहे, तिला कापडाचे नियम जसेच्या तसे लावता येत नाहीत.

दुसरा आक्षेप मला जास्त कठीण वाटतो. तिरकसपणा द्वेष करणाऱ्यांच्याही कामाचा असतो. भारतात एखाद्या मुस्लिम नागरिकाच्या साध्या मजकुराखाली पाकिस्तानच्या झेंड्यांची रांग लावली जाते, आणि विचारले की 'गंमत केली' असे उत्तर येते. परदेशात स्थायिक झालेल्यांच्या मुलांना त्यांच्या आईवडिलांच्या देशाचा झेंडा दाखवून परत जायला सांगितले जाते. इथेही अक्षरे तीच, जोडणी तीच, आणि उपरोधाचा आडोसाही तोच. म्हणून सगळा झेंड्यांचा खेळच वाईट, असे काहींचे म्हणणे असते. मला ते मान्य नाही, कारण रोख कोणावर आहे हे वाचता येते. कलिंगडाची फोड बंदी घालणाऱ्या सत्तेकडे बोट दाखवते, तर शेजाऱ्याच्या मजकुराखाली लावलेला परका झेंडा एकट्या माणसाचे नागरिकत्व काढून घेऊ पाहतो. हे दुसरे कृत्य 'गंमत' म्हणून सोडून देऊ नये. ते जे आहे तेच म्हणावे: छळ.

वाचायचे कसे हा प्रश्न महाराष्ट्रात आपल्या दाराशीच आहे. 2010 च्या संचात खांबावरचा एक लाल त्रिकोणी झेंडा आला. युनिकोडच्या यादीत त्याचे वर्णन 'खांबावरचा त्रिकोणी झेंडा' एवढेच आहे. तो कुठल्या देशाचा नाही, पंथाचा नाही. मराठी माणसांनी त्याला भगवा मानले. शिवजयंतीला, 6 जूनच्या राज्याभिषेकदिनाला, आषाढीच्या वारीला लाखो मराठी संदेशांच्या शेवटी तो श्रद्धेने लागतो. ऑक्टोबर 2021 मध्ये हाच झेंडा इंग्रजी ट्विटरवर धोक्याची खूण म्हणून गाजला: जोडीदाराची एखादी खटकणारी सवय लिहायची आणि पुढे लाल झेंड्यांची रांग लावायची. पुण्या-मुंबईतली मुले दोन्ही अर्थ जाणतात. एकाच दिवशी एका गटात ती हा झेंडा महाराजांच्या नावापुढे लावतात आणि दुसऱ्या गटात मैत्रिणीला सावध करायला, आणि त्यांचा गोंधळ होत नाही. त्यांच्या मनात भगव्याचा मान या दुसऱ्या उपयोगाने तसूभर कमी झालेला नाही. ज्याला फक्त एकच अर्थ माहीत आहे, तोच अपमान झाला म्हणून चिडतो. चिन्हाचा अर्थ प्रसंगावरून ओळखण्याची जी जाण या मुलांनी कमावली आहे, तिची आपण कदर करायला हवी.

हा खेळ पडद्यावरच राहतो, प्रत्यक्षात त्याला किंमत नाही, असाही एक शेरा असतो. 2025 च्या घटनांनी तो खोटा ठरवला. एइचिरो ओदा यांच्या 'वन पीस' या 1997 पासून चाललेल्या जपानी चित्रकथेतल्या चाच्यांचा, गवती टोपी घातलेल्या कवटीचा झेंडा ऑगस्टमध्ये इंडोनेशियात स्वातंत्र्यदिनाच्या तोंडावर ट्रकांवर आणि घरांवर लागू लागला. राष्ट्रध्वजाचा अवमान होतो म्हणून तिथले अधिकारी संतापले. सप्टेंबरमध्ये नेपाळ सरकारने समाजमाध्यमांवर बंदी घातली, तरुण रस्त्यावर उतरले, त्यातले कित्येक मारले गेले, आणि तोच झेंडा काठमांडूत सिंहदरबार या सरकारी सचिवालयाच्या फाटकावर टांगला गेला. पंतप्रधान ओली यांनी राजीनामा दिला. त्यानंतर हंगामी पंतप्रधान कोण असावे याची चर्चा तरुणांनी डिस्कॉर्ड या गप्पांच्या मंचावर केली, आणि तिथे पुढे आलेल्या सुशीला कार्की यांनी 12 सप्टेंबरला शपथ घेतली. झेंड्यांसाठी घेतलेली तीच सव्वीस अक्षरचिन्हे तरुण मुले एरवी संदेशाखाली एकेक लावून शब्द जुळवतात, ते हेच डिस्कॉर्ड. अन्यायी सत्तेविरुद्ध लढणाऱ्या काल्पनिक चाच्यांचा झेंडा त्यांनी उचलला, कारण खरे झेंडे त्यांना सत्ताधाऱ्यांच्या गाड्यांवर दिसत होते.

मार्च 2022 मध्ये युनिकोडने जाहीर केले की झेंड्यांचे नवे प्रस्ताव यापुढे स्वीकारले जाणार नाहीत. संख्येने झेंड्यांचा गट सर्वांत मोठा आणि वापरात सर्वांत मागे, हे त्यांनी दिलेल्या कारणांपैकी एक होते. देशसंकेतांच्या यादीत एखादे नाव नव्याने शिरले तरच अपवाद. 2024 च्या संचात असा अपवाद झाला: इंग्लिश खाडीतल्या सार्क बेटाला झेंडा मिळाला. तिथली लोकसंख्या पाचशे-सहाशेच्या घरात आहे. कुर्द लोक तीन कोटींच्या आसपास आहेत, आणि त्यांचा झेंडा आजही कुठल्याही फोनच्या कळफलकावर नाही.